बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट आणि ‘जरा चेक कर’: हे सगळं एकच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चेक हा शब्द आपण दिवसभर वापरतो, मेसेज चेक करतो, बँकेत चेक भरतो, चेक्सचा शर्ट घालतो, बुद्धिबळात चेक देतो, ओढ्यावर चेक डॅम बांधतो, तर हे मुळात वेगवेगळे शब्द आहेत आणि योगायोगाने सारखे दिसतात, की सगळे एकाच शब्दाचे अर्थ? आणि एकच असेल तर तपासण्याचा आणि चौकड्यांचा काय संबंध? शिवाय बँकेचा चेक अरबीतून आला असं कुणी म्हणतं ते खरं का, आणि चेक नावाचा देश आहे त्याचं काय? आणि शेवटी, ‘कीप इन चेक’ला मराठीत काय म्हणावं?

मी बावीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतोय, त्यात बराचसा भाग कायद्याच्या आणि यंत्रांच्या कागदपत्रांचा, आणि या एका शब्दावर मी जितका वेळ घालवलाय तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दावर घालवला असेल. तर आधी सरळ उत्तर देतो: देश सोडला तर बाकी सगळं एकच. आणि मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट ही की इंग्रजी इकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून तो शब्द मराठीत आहे. आपण त्याला शह म्हणतो.

शह म्हणजे शाह, फारसीत राजा. समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की खेळाडूने ‘शाह’ असं मोठ्याने म्हणायचं, म्हणजे बाबा रे तुझा राजा सांभाळ. धमकी नाही ती, सूचना आहे. हा खेळ भारतातून चतुरंग म्हणून इराणात गेला, हत्ती घोडे रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं म्हणून चतुरंग, तिथे त्याचं चतरंग झालं, अरबांकडे शतरंज, आणि अरबांमार्फत युरोपात पोचला तेव्हा खेळाबरोबर ही आरोळीसुद्धा गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तिचं स्काक्कुस झालं. शाहमधला शेवटचा ह तिकडच्या तोंडांना जमेना, त्याचा क झाला, आणि तिथून जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, तेव्हाच्या उच्चारात एस्चेक. इंग्रजांनी पुढचा ए-स गाळून टाकला आणि उरला तो चेक. म्हणजे चेक म्हणजे राजा! आणि खेळाचं नाव चेस, ते त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन आहे, अक्षरशः ‘शह शह’.

मागे जायचं तर अजून मागे जाता येतं. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाचा इ.स.पू. 520 च्या आसपासचा शिलालेख आहे, त्यात तो स्वतःला राजांचा राजा म्हणवतो, आणि राजासाठी जुन्या फारसीतला शब्द आहे क्षायथिय. हाच झिजत झिजत शाह झाला, आणि ‘राजांचा राजा’ या पदवीचा शहेनशहा. त्यातला क्ष बघा. संस्कृतातलं क्षत्र, म्हणजे सत्ता, त्यावरून क्षत्रिय, हे सगळं त्याच धातूच्या घरातलं. पेपरात अमुक पक्षाचे क्षत्रप असं छापून येतं तो शब्दसुद्धा मूळ इराणी, आणि त्याच कुळातला. त्यामुळे चेक हा शब्द मला कधी परका वाटतच नाही.

आता चेकमेट. शाह मात. याचा अर्थ ‘राजा मेला’ असा बऱ्याच ठिकाणी सांगतात, कारण अरबीत माता म्हणजे मेला. पण फारसीत मात म्हणजे हतबल, सुन्न, काही सुचेनासा झालेला, आणि हा अर्थ जास्त पटण्यासारखा आहे, अभ्यासकांचा कलही तिकडेच आहे. खेळाकडे बघून मलाही तेच वाटतं. बुद्धिबळात राजा कधी मारलाच जात नाही, बाकी सगळ्या सोंगट्या पटावरून उचलतात, राजा मात्र शेवटपर्यंत पटावर असतो, फक्त त्याला हलायला जागा उरत नाही आणि डाव तिथेच थांबतो. मराठीत आपण ‘संकटावर मात केली’ म्हणतो तेव्हा संकटाला मारून टाकलं असं कुठे म्हणतो, त्याला निष्प्रभ केलं एवढंच. मराठीने इथे फारसी अर्थ चांगला जपलाय.

तर ही झाली मूळ आरोळी. आता तिच्यातून दोन फांद्या फुटल्या, एक पटाकडे गेली आणि एक थांबवण्याकडे, आणि खरा गोंधळ होतो तो शब्दकोशात या दोन्हींचे वीस अर्थ एकाखाली एक छापलेले असतात म्हणून.

पटाची फांदी आधी घेतो कारण ती डोळ्याला दिसते. एशेकवरून जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला एशेकिये म्हणायचे, इंग्रजीत त्याचं चेकर झालं. पटावर काळेपांढरे चौकोन, म्हणून तसे चौकोन जिथे जिथे ते सगळं चेकर्ड, आणि कापडावरच्या चौकड्यांना नुसतं चेक. शर्टाचं कोडं इथेच सुटलं. इंग्रजीत एखाद्याचं आयुष्य चेकर्ड होतं असं लिहितात तिथेही पटच आहे, कधी पांढरं घर कधी काळं, म्हणजे चढउतारांनी भरलेलं. माझ्याकडे एकदा याचं ‘तपासलेली कारकीर्द’ असं भाषांतर दुरुस्तीला आलं होतं, आणि चूक करणारा माणूस हुशार होता, शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला एवढंच.

पण पटाच्या फांदीवरची सगळ्यात सुंदर गोष्ट शर्ट नाही, एक टेबल आहे. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. एक्सचेकर म्हणजे तोच चेकर, तोच पट. बाराव्या शतकात राजाच्या खजिन्याचा हिशोब जिथे व्हायचा तिथे एक टेबल असायचं, आणि त्या टेबलाचं वर्णन राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170 नंतरच्या दशकात लिहून ठेवलंय, गुरुशिष्य संवादाच्या रूपात. टेबल साधारण दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद, कडेने चार बोटं उंचीची पट्टी म्हणजे वरची वस्तू खाली पडू नये, आणि त्यावर काळं कापड, दर ईस्टरला नवीन विकत घेतलेलं, त्याच्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा. त्या रेघांमधल्या पट्ट्यांमध्ये चकत्या मांडायच्या. एका पट्टीत पेन्स, दुसरीत शिलिंग, तिसरीत पौंड, मग विसाचे, शेकड्याचे, हजाराचे असं वाढत.

हे का करावं लागायचं हे समजून घ्या, कारण ते फार छान आहे. तेव्हा तिकडे आकडे रोमन पद्धतीने लिहायचे, त्यात स्थानिक किंमत नाही आणि शून्य नाही, त्यामुळे कागदावर वजाबाकी करायची म्हणजे शिक्षाच. कापडावर मात्र चकती कुठल्या पट्टीत ठेवलीय यावरून तिची किंमत ठरते, आणि रिकामी पट्टी आपोआप शून्याचं काम करते. प्रांताच्या शेरीफने म्हणजे वसुली अधिकाऱ्याने द्यायची रक्कम वर मांडायची, त्याने भरलेली रक्कम खाली मांडायची, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वरच्या चकत्या काढत जायच्या, उरलं ते देणं. ज्याला लिहितावाचता येत नाही त्यालाही हिशोब दिसतो.

त्या संवादात शिष्य विचारतो की या जागेला हे नाव का, आणि गुरू सांगतो की मला तरी सध्या याहून खरं कारण सुचत नाही की याचा आकार बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. मग पुढे म्हणतो की साम्य नुसतं आकारात नाही, पटावर जसे दोन राजे लढतात तसे इथे मुख्यतः दोघे लढतात, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला हिशोब द्यायला बसलेला शेरीफ, बाकीचे न्यायनिवाडा करायला बसलेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं, कारण आठशे वर्षांपूर्वीचा एक सरकारी अधिकारी आपल्याच ऑफिसच्या नावाची व्युत्पत्ती प्रामाणिकपणे शोधतोय, ‘सध्या तरी’ असं म्हणून, आणि त्याचं उत्तर आज आपण शास्त्र म्हणून जे सांगतो त्याच्याशी जुळतं. बाय द वे, एक्सचेकरमधला एक्स नंतर घुसलाय, फ्रेंच एस म्हणजे लॅटिन एक्सचाच अपभ्रंश असणार असं समजून लोकांनी तो ‘दुरुस्त’ केला, मुळात तिथे एक्स नव्हताच.

आता दुसरी फांदी, थांबवण्याची. इथे एकेक पाऊल सावकाश टाकायला हवं.

राजाला शह बसला की खेळाडूचं काय होतं? त्याच्या डोक्यात चालू असलेला सगळा बेत थांबतो. घोडा पुढे न्यायचा होता, वजीर काढायचा होता, सगळं बाजूला, आधी शह मोडायचा, नियमच आहे तो. म्हणून चौदाव्या शतकातच इंग्रजीत चेक म्हणजे अचानक बसलेली खीळ असा अर्थ तयार झाला होता. त्याच काळात चॉसर या कवीने एका तरुण उमरावाच्या शोककाव्यात हाच खेळ वापरलाय. उमरावाची बायको वारलीय, आणि तो म्हणतो की मी दैवाशी बुद्धिबळ खेळलो, दैवाने माझा वजीर नेला, आणि मग पटाच्या मध्यावर चेक म्हणाली आणि मात केली. दैव तिकडे स्त्री असते म्हणून म्हणाली. एकाच ठिकाणी चेक, मात आणि चेकर म्हणजे पट, तिन्ही शब्द आलेत, आणि वजिरासाठी शब्द आहे फर्स, तोही फारसीतल्या फर्झीनवरून. तेव्हा हे शब्द इंग्रजीत किती रुळलेले होते याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पुढची दोन पावलं. खीळ एकदाच बसली तर तो अडथळा, पण सतत बसलेली असली तर तो अंकुश. सतराव्या शतकात चेकला ताब्यात ठेवणं, आवरणं हा अर्थ पक्का झालेला दिसतो. चेक डॅम, चेक व्हॉल्व हे दोन्ही या अर्थाचे. चेक डॅम पाणी तपासत नाही, पाण्याचा वेग अडवतो. चेक व्हॉल्व पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, उलट फिरायला लागलं की बंद होतो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पंपाच्या माहितीपुस्तिकेत मी याला ‘तपासणी झडप’ लिहिलेलं पाहिलं आणि तसंच पुढे जाऊ दिलं, आणि नंतर ते पुस्तक वापरणाऱ्या फिटरने विचारलं की ही झडप कधी आणि कशी तपासायची ते कुठेच दिलेलं नाही. त्या माणसाने जर ती झडप उलटी बसवली असती तर पंप चालून पाणीच चढलं नसतं. तेव्हापासून चेक दिसला की मी आधी स्वतःला विचारतो, इथे कुणीतरी अडवतंय की कुणीतरी ताडून बघतंय?

आणि मग शेवटचं पाऊल, ज्याच्यामुळे तुम्ही प्रश्न विचारलात: अडवण्यातून तपासणं कसं आलं? मधला पूल आहे दुसरी प्रत. समजा एकाने पैसे घेतले आणि त्याची नोंद केली, आणि दुसऱ्याकडे त्याच व्यवहाराची वेगळी नोंद आहे. पहिल्याला माहितीय की दोन्ही नोंदी कधी ना कधी शेजारी शेजारी ठेवल्या जाणार, म्हणून तो गडबड करत नाही. ती दुसरी नोंद हा त्याच्यावरचा चेक, म्हणजे वचक. मग हळूहळू त्या वचकासाठी जी क्रिया करावी लागते, दोन नोंदी ताडून बघणं, तिलाच चेक म्हणायला लागले, साधारण 1690 च्या दशकापासून. म्हणजे तपासणं हा शब्दाचा अर्थ फार उशिराचा आहे आणि आज तोच सगळ्यांच्या तोंडी आहे. मराठीतला वचक हा शब्द या जागी जितका चपखल बसतो तितका मला इंग्रजीतही दुसरा सापडलेला नाही.

बँकेचा चेक याच पुलावर उभा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे रक्कम द्यायच्या कागदाचा बँकेकडे राहणारा तुकडा, आपण ज्याला काउंटरफॉइल म्हणतो तो. बाहेर गेलेल्या कागदात कुणी खाडाखोड केली तर या तुकड्याशी जुळवून पकडता यावी म्हणून तो चेक. मग ज्या कागदाला असा तुकडा जोडलेला असतो त्या कागदालाच चेक म्हणायला लागले. स्पेलिंगही आधी साधं सी-के वालंच होतं, अमेरिकेत अजून तेच आहे, ब्रिटिशांनी मात्र एक्सचेकरकडे बघून क्यू-यू-ई असं शेपूट लावलं. म्हणजे गंमत अशी की थांबवण्याच्या फांदीवर आलेल्या शब्दाने कपडे पटाच्या फांदीवरचे घातले.

अरबीचं म्हणाल तर, सक्क नावाचा देण्याचा लेखी दस्तऐवज अरब व्यापारात होता हे खरंच, आणि फारसीत त्याला चक म्हणत, त्यामुळे ऐकायला ते फार जुळतं. पण चेक या इंग्रजी शब्दाचे टप्पे वर सांगितले तसे काउंटरफॉइलपासून लागतात, आणि प्रमाण शब्दकोश बुद्धिबळाचंच मूळ देतात. वस्तू एका ठिकाणची आणि नाव दुसऱ्या ठिकाणचं असं भाषेत खूप वेळा होतं, त्यामुळे अरबांनी असे कागद वापरले हे मान्य करायला व्युत्पत्ती बदलावी लागत नाही.

बाकीचे अर्थ आता भरभर लागतात. सामान ठेवून घेताना दिलेला बिल्ला हा चेक, कारण तो दुसऱ्या अर्ध्याशी जुळवायचा. अमेरिकेत हॉटेलच्या बिलाला चेक म्हणतात. बेसबॉलचा सामना पावसाने रद्द झाला तर तिकिटाच्या तुकड्यावर पुन्हा येता यायचं, तो रेन चेक, 1880 च्या दशकातला. उत्तरपत्रिकेवर बरोबरची खूण हा चेक मार्क, आइस हॉकीत अंगाने अडवणं हाही चेक.

आणि देश? त्याचा काहीच संबंध नाही. ते त्या लोकांचं स्लाव भाषेतलं स्वतःचं नाव आहे, इंग्रजीने ते पोलिश स्पेलिंगने घेतलं म्हणून सी-झेड असं विचित्र दिसतं. रोमन लिपीत तीन वेगवेगळी स्पेलिंग असल्याने डोळ्याला फरक कळतो, देवनागरीत मात्र तपासणारा, बँकेतला आणि देशाचा असे तिन्ही चेक एकसारखेच, त्यामुळे ही शंका मराठी माणसालाच जास्त येणार.

एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते, ती म्हणजे तीच आरोळी प्रत्येक भाषेत वेगळ्या दिशेला गेली. फ्रेंचमध्ये एशेक म्हणजे अपयश, मुलगा शाळेत नापास झाला तरी तोच शब्द, म्हणजे त्यांनी शह बसलेल्याची बाजू धरली. जर्मनांनी कुणाला आवरून ठेवायचं असेल तर शाखमध्ये म्हणजे शहात धरणं असा प्रयोग केला. मराठीने शह देणाऱ्याची बाजू धरली, विरोधकाला शह दिला, शहाला काटशह, म्हणून आपला शब्द राजकारणात आणि लढाईत राहिला. इंग्रजीने तो हिशोबाच्या नोंदींमध्ये नेला, आणि तिथून तो तपासणी होऊन, फिरून आपल्याकडे आला. त्यामुळे मराठीत आज एकच शब्द दोनदा आहे, एकदा शह म्हणून आणि एकदा चेक म्हणून, आणि दोघांची ओळखही राहिलेली नाही.

राज्यघटनेच्या मजकुरात चेक्स अँड बॅलन्सेस येतं तेव्हा तर हे फार जाणवतं. सत्तेला सत्तेनेच अडवायला हवं असं माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने 1748 मध्ये लिहिलं, इंग्रजीत त्या अडवण्यासाठी चेक वापरला गेला, आणि अमेरिकेची घटना होताना तो शब्द कायमचा राजकारणात बसला. मी याचं भाषांतर बहुतेक वेळा ‘परस्पर अंकुश आणि समतोल’ करतो, ‘तपासणी आणि समतोल’ कधीच नाही, कारण इथे संसद न्यायालयाचे कागद तपासत नसते, एकाने हद्द ओलांडली तर दुसरा अडवतो. आणि ज्या व्यवस्थेत हे चेक्स लागतात तिला आपण मराठीत लोकशाही म्हणतो. त्यातली शाही ही त्याच शाहवरून आलेली. म्हणजे ‘लोकशाहीतले चेक्स’ या दोन शब्दांत तो जुना राजा दोनदा बसलाय, एकदा सत्ता म्हणून आणि एकदा तिला अडवणारी आरोळी म्हणून.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की ‘कीप इन चेक’ला मराठीत काय म्हणावं. रोगाच्या साथीबद्दल असेल तर आटोक्यात ठेवणं, रागाबद्दल असेल तर आवर घालणं, खर्चाला लगाम किंवा चाप, गुन्हेगारांवर वचक, आणि प्रतिस्पर्ध्याबद्दल असेल तर बिनधास्त शह लिहा.